विहिरीचं माप

वंदनाने दोरी वर ओढली आणि ओल्या टोकापासून गाठी मोजल्या. फुटाला एक गाठ. बत्तीस. पुन्हा मोजल्या, तरी बत्तीसच. गेल्या कार्तिकात याच विहिरीत पाणी एकतीस फुटांवर होतं. वर्षभर अख्ख्या गावाने पोटाला चिमटा घेतला आणि पाणी एक फूट खालीच गेलं.

संग्रामपूरच्या वरच्या अंगाला, टेकड्यांच्या मधोमध परातीत बसल्यासारखं हे गाव. बाहेरून ओढा येत नाही, इथलं पाणी बाहेर जात नाही. पडेल तेवढा पाऊस आणि उपसतील तेवढ्या मोटारी, एवढाच हिशेब. घरोघर फिरून वंदनानेच तो पटवला होता: एक साल उन्हाळी पीक नाही, नवा बोअर नाही. पाणी चढलं तर नियम पुढे चालू, नाही तर ज्याचं त्याने पाहावं.

“किती?” किसनरावांनी विचारलं. केळीची बाग मोडायला सगळ्यांत आधी तेच तयार झाले होते, त्यामुळे चिडण्याचा पहिला मानही त्यांचाच.

“बत्तीस, काका.”

“म्हंजे सालभर लष्कराच्या भाकरी भाजल्या म्हना!” त्यांनी फोन काढला. “बोअरची गाडी जळगाव जामोदले उभीच हाये. बलावतो.”

गाडी निघालीसुद्धा. जमलेले दहा-बारा जण पांगायला लागले. निम्म्यांचा तर मनातल्या मनात कांदा लावूनही झाला होता. वंदनाला रडू येत होतं. उद्यापासून या गावात तिचं कोण ऐकणार?

गावचे गवंडी फकीर मोहम्मद तेवढ्यात कामावरून आले. त्यांनी तिचा उतरलेला चेहरा पाहिला, मग हातातली दोरी.

“बेटा, दोरी कुठून सोडली?”

“कठड्यावरून, चाचा.”

“अन् मांगच्या साली?”

“तवाही इथूनच...” वंदना बोलता बोलता थांबली.

“मांगच्या साली कठडा व्हता कुठी? वैशाखात माणिकरावची म्हैस पडली, तवा बांधला मी. माह्यी कंबर गेली, अन् तुम्ही इसरून बी गेले!”

सगळ्यांनी कठड्याकडे पाहिलं. नवी भिंत सहा महिन्यांत डोळ्यांना जुनी होते, त्याला कोण काय करणार.

फकीर मोहम्मदांनी पिशवीतून टेप काढला. कठडा जमिनीपासून बरोबर चार फूट भरला. वंदनाने वजाबाकी केली. अठ्ठावीस. तीन फूट पाणी चढलं होतं! ती हसायला लागली, हसता हसता रडली आणि तिला त्याची जराही लाज वाटली नाही.

किसनरावांचा विश्वास बसेना. त्यांनी दोरी हिसकून घेतली, स्वतः सोडली, स्वतः गाठी मोजल्या, स्वतः चार वजा केले. मग कठड्याला टेकून खाली डोकावले.

शेवटी त्यांनी फोन लावला.

“गाडी वापस फिरव बाप्पा.”

काऊन म्हणून तिकडून विचारणा झाली असावी. किसनरावांनी एकदा वंदनाकडे पाहिलं.

“पाणी खाली नव्हतं गेलं बे,” ते म्हणाले. “आम्हीच वर चढून पाहून राह्यलो व्हतो.”