चरा नसलेली रेकॉर्ड

धाकट्या भावाने रेकॉर्डवरचं पातळ प्लॅस्टिक नखाने फाडलं आणि कव्हर दादाच्या डोळ्यांसमोर धरलं. दादा खाटेवर तीन उशांना टेकून बसला होता. त्याचा उजवा हात चादरीवर तसाच पडून होता, कुणाचा तरी विसरून राहिल्यासारखा.

"ओळखलीस का? आपलीच आहे. त्या ब्रिटिश बँडची. कंपनीने परत काढलीये, अगदी पहिल्यासारखी. आजकालची पोरं उड्या टाकतायत म्हणे."

"हो ना," दादा म्हणाला.

अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याच्या तोंडात एवढेच दोन शब्द उरले होते. भूक लागली तरी हो ना, नसली तरी हो ना. पाठ दुखली, पंखा नको झाला, चहा गार झाला, हो ना. आत सगळं कळत होतं. ओठांपर्यंत येईस्तोवर त्याचं हेच होऊन जायचं. छापखान्यात मशीनच्या धडधडाटावर आवाज चढवून चौघांना कामाला लावणारा माणूस तो.

धाकट्याने आपल्या घरून आणलेला प्लेअर स्टुलावर ठेवला, वायर जोडली आणि सुई टेकवली.

गिटार आली. मागून ड्रम रेंगाळत आले. मग त्या गाणाऱ्याचा घोगरा आवाज लागला आणि त्याच्या जोडीने दादा गायला लागला.

नुसतं गुणगुणणं नव्हतं ते. शब्द होते. परक्या भाषेतले, पण एक न् एक स्वच्छ. ओळीच्या शेवटी आवाज खाली सोडायची त्या गाणाऱ्याची खोडसुद्धा त्यात होती. धाकट्याच्या हातून कव्हर सुटून जमिनीवर पडलं. त्याला वहिनीला हाक मारायची होती, पण ती आपणहूनच दारात आली, ओल्या हातांनी, आणि तिथेच उभी राहिली.

दुसऱ्या कडव्यात दादा एकदम पुढे निघून गेला. रेकॉर्डमधला माणूस मागे राहिला. दोघांचे शब्द एकमेकांत अडकले. दादाने भांबावून प्लेअरकडे पाहिलं आणि तो गप्प झाला. तोंड तसंच उघडं.

काय झालं ते धाकट्याला आधी उमगेना. मग लक्षात आलं. त्यांच्या जुन्या रेकॉर्डवर नेमका तिथे चरा होता. सुई दर वेळी तिथून उडी मारायची आणि अख्खी ओळ गाळून पुढच्या शब्दावर जाऊन पडायची. ती रेकॉर्ड मोडून कैक वर्षं झाली, पण दादाच्या डोक्यात गाणं अजून तेच होतं, चऱ्यासकट. ही नवी मात्र धुतल्यासारखी गुळगुळीत होती.

धाकट्याने गाणं पहिल्यापासून लावलं. ती जागा आली तसा त्याने श्वास धरला, सुई उचलली आणि केसभर पुढे टेकवली. खर्र झालं. दादा न अडखळता पलीकडे गेला.

गाणं संपलं. वहिनी खाटेच्या कडेवर बसली.

"अहो," ती म्हणाली, "माझं नाव घ्या ना."

दादाचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"हो ना."

"बरं, पाणी म्हणा. नुसतं पाणी."

"हो ना."

"भाऊजी, परत लावा."

त्याने परत लावलं. दादा परत गायला, त्याच जागी सुई उचलून त्याला पार करावं लागलं. वहिनी त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"काय म्हणतायत हे?" तिने विचारलं.

"काही नाही हो वहिनी. इंग्रजी गाणं आहे, असंच आपलं."

"इतक्या दिवसांनी बोललेत. काय बोलले ते मला नको कळायला?"

"म्हणतायत," धाकटा जरा थांबला, "म्हणतायत की, मी घरी आलो."

वहिनीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. "घरी आलेला माणूस असा गळा काढतो होय?"

धाकट्याने प्लेअर बंद केला. त्याच्याच्याने पुढचं खोटं बोलवेना. "मी चाललो, बाई," तो खाली बघत म्हणाला. "गाडी येऊन उभी आहे. माझी वाट बघू नकोस. असं आहे ते."

दादाच्या डाव्या हाताने वहिनीचं मनगट पकडलं. त्याची मान जोरजोराने हलायला लागली, नाही, नाही, नाही. आणि तोंडातून येत होतं, "हो ना. हो ना. हो ना."

"कळतंय मला," वहिनी म्हणाली. "गाणं आहे ते. कळतंय हो."

पण तो थांबेना. कपाळावरची शीर टरारून वर आली. डोळ्यांतलं पाणी गालावरून हनुवटीवर उतरलं आणि तो एकसारखं हो ना, हो ना म्हणत राहिला, धाप लागेपर्यंत. वहिनीने बाहीने त्याचं तोंड पुसलं. मनगट काही त्याने सोडलं नाही.

दादाची धाप हळूहळू कमी झाली.

"भाऊजी," मग वहिनीने हळूच विचारलं, "ह्या रेकॉर्डवर असं एखादं असेल ना, ज्यात माणूस कुठे जात नाही?"

धाकट्याने कव्हर उचललं, उलटं केलं, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि गाण्यांची नावं वाचायला लागला. रस्ता होता. आगगाडी होती. रिकामी बाटली होती, पुराचं पाणी होतं. जुनी गाणी संपली. त्याखाली ह्या खेपेला नव्याने घातलेली गाणी होती, तीही त्याने वाचली. वहिनी त्याच्याकडे बघत होती. दादाही बघत होता.

त्याने पुन्हा वरून वाचायला सुरुवात केली.