डावी फळी

"डावी फळी जागची हलली की नाही, एवढंच सांगा," ओपितर म्हणाला. वेर्नाकाठच्या लढाईचा इतिहास लिहायला तो रोमहून मुद्दाम आला होता. मांडीवर दोन जुन्या बखरी. एकीत लिहिलं होतं, सैन्याची डावी फळी पाय रोवून उभी राहिली. दुसरीत लिहिलं होतं, ती शेपूट घालून पळाली.

म्हाताऱ्या नुमेरियसने मान वर करून पाहिलं. भिंतीवर त्याचा ओकच्या पानांचा मुकुट टांगला होता, तीस वर्षांत पार वाळून गेलेला. लढाईत सोबत्याचा जीव वाचवणाऱ्याला तो मिळे, पण लढाईतली आपली जागा सोडली नसेल तरच. आणि वाचलेल्याने त्याला जन्मभर बाप मानायचं, असा रिवाज.

विबियसने हा रिवाज जरा जास्तच मनावर घेतला होता. तो नुमेरियसहून सहा वर्षांनी मोठा, तरी तीस वर्षं त्याला 'बाबा' म्हणत आलेला. आत्ताही बाबांना दात नाहीत म्हणून तो पाव द्राक्षारसात भिजवत बसला होता.

"सांगा की बाबा. एवढ्या उन्हातून आलाय बिचारा," तो म्हणाला.

फळी पळाली असं ठरलं, तर मुकुट खोटा आणि मुलगाही परका. नुमेरियसला पोटचं पोर नव्हतं. पण ज्याने इतकी माया लावली त्याला फसवत मरायचं, हे काही त्याच्या मनाला पटेना.

"पळाली," तो म्हणाला. "मीही पळत होतो. वाटेत हा पडलेला दिसला, खांद्यावर घेतला आणि तसाच पळत सुटलो. विबियस, आजपासून मला बाबा म्हणू नकोस."

ओपितरने दोन्ही बखरी पुन्हा चाळल्या. तो चांगलाच गोंधळला होता.

"मग फळी उभी राहिली, हे पहिल्या बखरकाराला सांगितलं कोणी?"

"मी," विबियस पावावरून नजर न काढता म्हणाला. "आधी सेनापतीपुढे शपथेवर, मग त्याला. चाळीस जण मला ओलांडून गेले हो, थांबले एकटे बाबा. फळी पळाली म्हणालो असतो, तर त्यांना मुकुट मिळाला नसता आणि मला बाप."