एका बाजूचा उजेड

चंद्रभाननं चित्रावरची चादर ओढली. मग धाकट्या भावाकडं वळला.

"गोपाळ, आबाचं अर्धं तोंड कुठं हाय?"

गोपाळनं बायकोकडं बघितलं. रेणुका चित्राशेजारी उभी होती. बोटांना अजून तपकिरी रंग. चित्रात तिचे सासरे होते, दिनकरराव. उजेड एकाच बाजूनं पडलेला: कपाळ, नाकाचा कणा, अर्धी मिशी. उरलेला चेहरा अंधारात होता, आणि त्या अंधारातनं दुसरा डोळा थेट बघत होता.

बाहेर वर्षश्राद्धाचा मंडप घातला होता. अकरा वाजता पाहुणे यायचे, त्याआधी चित्राला हार घालून ते बैठकीत लावायचं. चित्र सगळ्यांच्या पसंतीला उतरलं तर रेणुकेनं परभणीच्या चित्रकलेच्या कॉलेजात नाव घालायचं, असं घरात ठरलं होतं. तिशीच्या बाईनं शिकावं की नाही, हे थोरला दीर ठरवतो. ठरवू दे. फॉर्मची मुदत उद्या संपत होती.

चंद्रभाननं भिंतीवरचा फोटो काढून चित्राला टेकवला. स्टुडिओवाल्यानं फोटोतल्या दिनकररावांना गोरं केलं होतं, सुरकुत्या पुसल्या होत्या, ओठांना जरासं हसूही लावून दिलं होतं.

"हे बग. असे होते आबा. हे बगून काढ म्हनलं होतं ना तुला?"

"बगूनच काढलं, भावजी. नाक, कान, फेटा, सगळं मापात हाय. फोटोवर चौकोन आखून घेतले."

"मग हा अंधार कुठून आनलास?"

कोपऱ्यात रेणुकेची दोन वर्षांची फळ्यांवरची कामं भिंतीला लावून ठेवली होती. रेम्ब्रांट नावाच्या डच चित्रकाराचं एक जाड पुस्तक तिच्याकडं होतं. त्यातलं एकेक म्हातारं माणूस तिनं उतरवून काढलं होतं. एक दाढीवाला तर तेवीस वेळा. आधी नुसत्या रेघा, मग रंग, मग चुकलं कुठं ते शोधायचं, की परत पहिल्यापासून. शिकवायला दुसरं कुणी नव्हतं.

चंद्रभाननं त्या दाढीवाल्याकडं बोट केलं. "ह्याची नक्कल करून करून हात बिघडलाय हिचा. आमच्या बापाला त्या गोऱ्या म्हाताऱ्याचा सख्खा भाऊ करून ठिवलं!"

गोपाळला हसू आलं. त्यानं ते गिळलं.

"त्या पुस्तकवाल्याच्या चित्रात उजेड एकीकडूनच येतो," रेणुका म्हणाली. "मी तसंच शिकले. फोटोत उजेड सगळीकडून हाय. त्यात माणूसच दिसंना. मंग मी आबा आठवले."

"आठवले?"

"व्हय. जेवायला बसायचे तसे."

चंद्रभानचा चेहरा उतरला, पण क्षणभरच.

"लय शहाणी झालीस. अकराला मानसं येनार हायत. आमदाराचा मानूस येनार हाय. ही बाजू पांढरी कर. डोळा नीट कर, जरा हसरा कर. न्हाई तर ह्या सगळ्या फळ्या चुलीत जातील आन् तुजा फॉर्मबी."

"आबा कवा हसले होते, भावजी? एक दिवस सांगा."

"गोपाळ, बायकोला आवर!"

गोपाळ जवळ आला. हळू बोलला, पण खोलीत सगळ्यांना ऐकू गेलं. "मार ना वं जरा पांढरा. एका बापाचं तोंड उजळ केल्यानं काय व्हतंय? उद्यापासून तू मोकळी. तिथं काढ की काय काढायचं ते."

रेणुकेनं त्याच्याकडं बघितलं. हा माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त सगळं लवकर मिटायला हवं होतं, आयुष्यभर.

तिनं पांढऱ्याची ट्यूब पिळली. त्यात थोडा पिवळा घातला, चिमूटभर लाल. असा रंग तिला डोळे मिटून जमायचा. कुंचला भरला. रंग अजून ओला होता. चार फटकारे पुरले असते. चंद्रभान हाताची घडी घालून मागं उभा राहिला. मंडपातनं कुणीतरी पत्रावळ्या मागत होतं.

कुंचला गालापाशी गेला. तिथंच थांबला.

"कामून थांबलीस?" चंद्रभान म्हणाला.

तेवढ्यात धुरपताबाई आत आल्या. चंद्रभान-गोपाळची आई. सरळ चुलीपुढनं उठून आल्या होत्या, पदर कमरेला खोचलेला, कोपरापर्यंत पीठ.

"आरं, गूळ कुठं ठिवलाय? आचारी बोंबलायलाय..."

पुढचं त्यांच्या तोंडातच राहिलं. चित्र समोर होतं.

त्यांनी पिठाच्या हातानंच कमरेचा पदर उपसला आणि डोक्यावर घेतला. मान खाली गेली. एक पाऊल मागं, मग दुसरं, उंबऱ्याच्या बाहेर, दाराच्या आडोशाला. गेलं वर्षभर त्या भिंतीवरच्या फोटोखाली बाई पदर खोचूनच वावरली होती, त्याच्यावरची धूळ पुसली होती, त्याच्यासमोर बसून शेंगा फोडल्या होत्या.

"आई," चंद्रभान म्हणाला. आवाज बारीक निघाला. त्याच्या हाताची घडी कधी सुटली, त्याला कळलं नाही.

रेणुकेनं कुंचल्यातला पांढरा रंग आपल्या लुगड्याच्या काठाला पुसून टाकला. पुरा पुसला.

दाराआडून धुरपताबाईंनी दबक्या आवाजात विचारलं,

"सकाळी सकाळी कुनी चिडवलं रं ह्यांला?"