दाजींची तरतरी

घाटावरच्या सासुरवाडीला आलेल्या जयवंतला तिसऱ्या दिवशी चक्कर आली. देवगडहून आणलेला समुद्राच्या पाण्याचा कॅन सासूबाईंनी वास येतो म्हणून मोरीत ओतला होता, आणि जयवंत भिडेखातर माठातलं गोडं पाणी पीत होता. विहिरी खाऱ्या झाल्यावर सरकारने जयवंतसारख्या किनाऱ्यावरच्या माणसांच्या पेशीच समुद्राइतक्या खाऱ्या करून दिल्या होत्या.

"डॉक्टर, दाजींना एक सलाइन लावा," त्याला दवाखान्यात घेऊन आलेला मेव्हणा सुदाम म्हणाला. "तरतरी येते."

"मला मीठ पाहिजे," जयवंत पुटपुटला.

"मग सलाइन म्हणजे काय, दाजी? मिठाचंच पाणी की!"

डॉक्टरांनाही ते पटलं. त्यांनी बाटली टांगली.

सलाइन समुद्राच्या चौथ्या हिश्शाइतकंच खारट असतं, पाणी पेशींत घुसत राहील आणि त्या फुटतील, हे जयवंतला सांगायचं होतं. पण जीभ फुगून तोंडात मावेना. लग्नातली अंगठी बोटात रुतली.

"बघा, गाल कसे भरले!" सुदाम खूश झाला.

जयवंतने उरलेल्या ताकदीने हात उचलून बाटलीकडे बोट दाखवलं.

"डॉक्टर," सुदाम म्हणाला, "दाजी अजून एक मागतायत."