वरून आलेला माणूस

“ओळखलं मी तुम्हाला,” जाऊद्या त्या प्रवाशाच्या कानाशी लागून म्हणाला. “आत चला. सगळ्यांसमोर नको.”

प्रवाशाच्या तोंडचं पाणी पळालं. हातातली तपकिरी बॅग त्याने पोटाशी घट्ट धरली. काय हा अभिनय! जाऊद्याला मनापासून कौतुक वाटलं. घामसुद्धा अगदी खराखुरा फुटला होता.

जाऊद्या हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. सीमेवरच्या तपासणी नाक्यावर सहकाऱ्यांनी ते त्याला बहाल केलं होतं. कोणीतरी मन लावून, घड्या घालून भरलेली बॅग विस्कटायची म्हणजे त्याच्या अगदी जिवावर यायचं. तो चेन अर्धी उघडायचा, वरच्या टॉवेलवर हलकेच हात ठेवायचा आणि म्हणायचा, “जाऊ द्या.” आजवर त्याच्या रांगेत तंबाखूची पुडीसुद्धा सापडली नव्हती.

आणि मग तो नवा कायदा आला. सीमेवर अमली पदार्थ नीट शोधले जावेत म्हणून सरकारने तो केला होता आणि त्यात एक मेख मारून ठेवली होती. वरून एक नकली तस्कर येणार. साध्या प्रवाशासारखा, बॅगेत खोटा माल लपवून. तो ज्याच्या रांगेतून निसटला, त्याची बदली थेट डोंगरातल्या चौकीवर. तिथे म्हणे माणसं कमी आणि बर्फच जास्त. बायकोने आधीच सांगून टाकलं होतं, “बदली झाली तर तुम्ही एकटे जा. मी आणि पोरी इथून हलणार नाही.” ती बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती. आणि पोरी समोर नसल्या तर जाऊद्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

म्हणून तो आठवडाभर डोळ्यांत तेल घालून उभा होता. आज हा माणूस रांगेत आला. सारखा छताकडे बघत होता, टेबलाकडे मात्र चुकूनही नाही. जाऊद्याने काय ते ओळखलं.

“कुठे लपवलंय तेवढं सांगून टाका,” आत गेल्या गेल्या त्याने हात जोडले. “माझ्या संसाराचा प्रश्न आहे हो!”

इतक्या अजीजीने धमकावणारा अधिकारी त्या माणसाने बापजन्मात पाहिला नसावा. तो गडबडला. त्याने बॅगेचा तळ उचकटला. खाली आणखी एक तळ होता आणि मधल्या फटीत पांढऱ्या पावडरीच्या पुड्या ओळीने निजल्या होत्या.

“वा!” जाऊद्या हरखून गेला. “वरच्या लोकांचं डोकं म्हणजे डोकं! खऱ्या तस्कराला सुचलं असतं का हे?”

“वरच्या... लोकांचं?”

मग जाऊद्याने भडाभडा सगळं सांगून टाकलं. कायदा, नकली तस्कर, डोंगर, बर्फ, पोरी. ऐकता ऐकता त्या माणसाच्या चेहऱ्यावर रंग परतला. त्याने रुमालाने कपाळ टिपलं आणि पायावर पाय टाकला.

“बरोबर ओळखलंत,” तो म्हणाला. “चहा सांगा.”

चहा आला. बिस्किटं आली. साहेबांनी चहा फार गोड म्हणून नाक मुरडलं, कुरकुरणाऱ्या पंख्याला नावं ठेवली आणि शेवटी जाऊद्याच्या पाठीवर थाप मारली. “काम चोख आहे तुमचं. वर कळवतो मी. द्या तो माल, निघतो. पुढच्या नाक्यावरही जायचंय.”

जाऊद्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुड्या त्याने साहेबांच्या हातात जवळजवळ ठेवल्याच होत्या. तेवढ्यात त्याला बायको आठवली. सकाळी नाश्ता करताना तिने पोरींचे पाढे घ्यावेत तशी कायद्याची कलमं त्याच्याकडून म्हणून घेतली होती. माल सापडला की वजन. मग सील. मग माणूस कुलपात.

“साहेब, भलतेच वस्ताद हो तुम्ही!” तो खो खो हसत सुटला. “शेवटच्या पायरीवर घसरतो का ते बघताय ना?”

“अहो, तसं नाही, खरंच...”

“आता नाही फसायचा मी!” जाऊद्याने पुड्यांचं वजन केलं. लाख वितळवून सील ठोकलं. मग मागच्या खोलीचं लोखंडी दार उघडलं आणि बाकावर स्वतःच्या खुर्चीतली उशी नेऊन ठेवली. “बसा. कुलूप लागलं की मी सुटलो.”

“माझ्यापुरतं राहू द्या हो.”

“आजवर सगळ्यांना जाऊच दिलं, साहेब. आज नाही.” जाऊद्याने त्यांना हलकेच आत सरकवून दार लोटलं.

“हा माझा हुकूम आहे!” साहेब दाराच्या गजांना धरून ओरडले.

“कोणाच्याही हुकमाने उघडायचं नाही, असंच कलम आहे,” जाऊद्या म्हणाला आणि त्याने किल्ली फिरवली.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे नाक्याच्या मोठ्या बाई होत्या.

“नशीब काढलंत,” त्या म्हणाल्या. “तो नकली तस्कर तापाने फणफणलाय. घरातून निघालाच नाही. परीक्षा पुढच्या महिन्यावर गेली. तोवर एखादा खरा पकडलात तर परीक्षाच माफ, पण ते तुमच्या हातून...” बाईंना हसू आवरेना. “बरं, तिकडे काही विशेष?”

जाऊद्याच्या हातातून फोन गळून पडता पडता राहिला. त्याने सील केलेल्या पुड्यांकडे पाहिलं. मग लोखंडी दाराकडे पाहिलं.

“अहो, किती वेळ बसवून ठेवणार?” आतून आवाज आला. “संपली की नाही तुमची परीक्षा?”

जाऊद्याने जाऊन कुलूप एकदा ओढून पाहिलं.

“संपली, साहेब,” तो म्हणाला. “तुम्ही नापास झालात.”