कानामागची जागा

आईने खुर्ची खिडकीतल्या उजेडात ओढली, मांडीवर जुना पांढरा अभ्रा पसरला आणि ढब्बूला त्यावर ठेवलं. ढब्बू म्हणजे तिचा गिनी पिग. ढब्बू मिरचीचा तुकडा दिसला की कुईकुई करून घर डोक्यावर घ्यायचा, म्हणून हे नाव. धाकटी लेक समोर स्टुलावर बसली होती, हातात तसाच तुकडा धरून.

आई बोटांनी केस उलटे फिरवत कातडी पाहत होती. मागच्या महिन्यात त्याच्या खांद्यांमागे टक्कल पडलं होतं, वर पिवळट खपल्या. नुसतं बोट लागलं तरी मागचा पाय झाडून झाडून खाजवायचा, अगदी कोलमडेपर्यंत. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी खपली खरवडून काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि खरजेचे किडे आहेत म्हणाल्या. मग त्याला काट्यावर ठेवलं आणि वजनाच्या हिशोबाने औषध मानेवर सोडलं. काही दिवसांनी पुन्हा सोडलं. आता तिथे मऊ लव आली होती.

"अभ्र्यावर कोंडा नाही," आई म्हणाली. "बरा झाला लबाड."

बोलता बोलता ती आपला तळहात खुर्चीच्या कडेवर घासत होती.

"आणि तुझी खाज?"

"आहे की. रात्री पायांचे तळवे नको नको करतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याची लागली असती तर तुमच्या हातांवर पुटकुळ्या दिसल्या असत्या. तुमचे हात तर कोरे आहेत. तुमच्या डॉक्टरांना दाखवा म्हणाल्या."

"मग दाखव ना."

"माझे डॉक्टर रविवारी फोनवर येतात."

तेवढ्यात फोन आलाच. थोरला मोठ्या हॉस्पिटलात हाडांचा डॉक्टर होता. घरचा डॉक्टर असताना बाहेर दाखवायला जाणं म्हणजे त्याचा अपमान, अशी घराची रीत होती. सर्दी असो, चक्कर असो, विचारायचं त्यालाच.

"आई, तो उंदीर अजून घरातच आहे?"

"उंदीर नाही रे तो."

"खाज त्याचीच आहे. किती वेळा सांगू? देऊन टाक कुणाला तरी. मलम लावतेस ना?"

"लावते."

"मग थांबेल. ठेवू? पेशंट बघायचेत."

धाकटीने फोनकडे हात नेला. आईने तो वाटेतच धरला आणि मान हलवली. फोन बंद झाल्यावर म्हणाली, "त्याला काही बोलायचं नाही. दमलेला असतो. आणि तुझ्या दादाला फोनवरून खाज दिसते, हे काय कमी आहे?"

आपल्याच विनोदावर ती खुदकन हसली, आणि मिरचीचा तुकडा धाकटीच्या हातातून घेऊन ढब्बूच्या तोंडाशी नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला हुडहुडी भरून ताप आला. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. पित्ताची नळी खड्याने बंद झाली होती आणि विष रक्तात भिनलं होतं. "खाज कधीपासून होती?" हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी विचारलं. "तेव्हाच साधं रक्त तपासलं असतं तर कळलं असतं." थोरला भिंतीवरची सूचना वाचत राहिला. त्याच आठवड्यात आई गेली.

मावशी भेटायला आली तेव्हा पिंजरा दाराशी आणून ठेवलेला होता.

"ड्रायव्हरला सांगितलंय," थोरला म्हणाला. "संध्याकाळी कुठेतरी मोकळ्यावर सोडून येईल."

"या एवढ्याशा जिवामुळे झालं का रे सगळं?" मावशीने विचारलं.

"याला खरूज होती ना, मावशी. त्यात आईचा खरा आजार झाकला गेला. अशा वेळी कुणाच्याच लक्षात येत नाही."

"कुणाच्याच नाही रे," मावशीने मान डोलावली. "तू तरी काय करणार."

थोरल्याने वाकून खिशातलं पेन काढलं आणि गजांमधून ढब्बूचा कान वर उचलला. कानामागे केस नसलेली गुलाबी जागा होती.

"हे बघ. अजून टक्कल आहे. म्हणे बरा झाला."

धाकटी उठली. तिने पिंजऱ्याचं दार उघडलं, ढब्बूला दोन्ही हातांत घेतलं आणि खिडकीतल्या खुर्चीवर जाऊन बसली. अभ्रा खुर्चीच्या पाठीवरच होता. तिने तो मांडीवर पसरला आणि खांद्यांमागचे केस बोटांनी उलटे फिरवले. ढब्बू निवांत बसून राहिला. पाय झाडला नाही.

"कानामागे कुठल्याच गिनी पिगला केस नसतात, दादा. जन्मापासून. आईला हे माहीत होतं."

"आत्ता हा विषय कशाला?"

"आणि काही झाकलं गेलं नव्हतं. तिच्या हातांवर एकही पुटकुळी नव्हती."

"अगं, तो दमलाय," मावशी म्हणाली. "त्याला नको बोलूस."

धाकटीने मान वर केली नाही. तिचं बोट ढब्बूच्या पाठीवरून हळूहळू फिरत होतं.

"याला ती रोज उजेडात धरून पाहायची," ती म्हणाली. "तिचा हात तू एकदा तरी उजेडात धरायचा होतास."