गिटारचा माइक

“इराचा आवाज काढ, माझी गिटार तेवढी ठेव,” श्रीरंग स्टुडिओत मला म्हणाला. दोघांचं ते गाणं मीच रेकॉर्ड केलं होतं. अपघातात बायको इरा गेली, त्याची बोटं निकामी झाली. वर्षही सरलं नव्हतं. त्याच जुन्या रेकॉर्डिंगमधल्या गिटारवर आता नवी बायको गाणार होती.

मी इराच्या माइकचा ट्रॅक बंद केला. तरी ती गातच होती, भिंतीपलीकडून गावं तशी.

“हे काय?”

“तेव्हाच बोंबललो होतो, लांब बसा, तिचा आवाज गिटारच्या माइकमध्ये शिरेल. तूच तिला गुडघ्याला गुडघा लावून बसवलंस.”

“मग पूस!”

“तुझी गिटारही पुसली जाईल.”

नव्या बायकोने हेडफोन काढून त्याच्यापुढे धरला. “मी नाही गाणार. गाणं संपल्यावर ती तुम्हाला विचारतेय, ‘अजून एकदा घेऊ या?’ आधी तिला उत्तर द्या.”